चर्नी रोडच्या बागेतला बाक

मुंबईस येणारा आपला माणूस काय काय पाहतो? दादरला उतरला की चैत्यभूमी, मग हिंदू कॉलनीतले राजगृह, वेळ उरला तर फोर्टातले सिद्धार्थ कॉलेज, आणि सोबत लहान मुले असली तर राणीची बाग. चर्नी रोडच्या बागेत मात्र सहसा कोणी जात नाही. कारण तेथे पाहण्यासारखे तसे काही नाही. झाडे आहेत, बाक आहेत, दुपारच्या वेळी सावलीला टेकलेली माणसे आहेत. चर्नी रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडले की पाच मिनिटांच्या आत ही बाग लागते. आज तिला स. का. पाटील उद्यान म्हणतात. पण वाचकहो, या बागेत एका शिक्षकाने एका मुलाची विचारपूस केली होती, आणि त्या विचारपुशीचा धागा पुढे पार नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंत जाऊन पोहोचला. म्हणून आमच्या विहारातील अकरा मुले घेऊन आम्ही दोघी जणी गेल्या हिवाळ्यात एका रविवारी तिकडे गेलो.

थेट बागेत न जाता आधी बोरीबंदरला उतरलो. महानगरपालिकेच्या इमारतीवरून धोबी तलावाकडे चालू लागले की आझाद मैदानासमोर एल्फिन्स्टन हायस्कूलची जुनी दगडी इमारत दिसते. भीमराव या शाळेत शिकले. येथेच फळ्याचा तो प्रसंग घडला. गुरुजींनी गणित सोडविण्यासाठी भीमरावांना फळ्याजवळ बोलावले, तर वर्गातील मुले ओरडत धावली; कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते, आणि हा मुलगा जवळ गेला तर ते बाटतील! डबे बाजूला झाले तेव्हा कुठे भीमराव फळ्यापर्यंत पोहोचले. मुलांना हे फुटपाथवर उभे राहून सांगितले. त्यातील एक पोरगी लगेच म्हणाली, “मग गणित सोडवलं का?” सोडवले, असे सांगितल्यावर तिचे समाधान झाले.

शाळेकडून धोबी तलाव, तेथून जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने ठाकुरद्वार आणि मग डावीकडे वळून चर्नी रोड. रमतगमत गेले तरी अर्ध्या तासाची वाट. शाळा सुटली की भीमराव घरी न जाता पुष्कळदा या बागेत येऊन वाचत बसत. असे का, हे समजायचे तर त्यांचे घर डोळ्यांसमोर आणले पाहिजे. साताऱ्याहून मुंबईस आल्यावर रामजी सुभेदारांचे कुटुंब लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत लाकडे, भांडीकुंडी, येणारेजाणारे. भीमराव झोपत तेव्हा उशाशी जाते आणि पायाशी शेळी! सुभेदार स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मुलाला उठवीत आणि मगच आपली पाठ टेकीत. चिमणी नसलेल्या दिव्यापुढे पहाटेपर्यंत अभ्यास चाले. पुस्तकासाठी पैसे नसले तर सुभेदार लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणत, गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. ज्यांचा दागिना गेला आणि आला त्या बहिणींची आठवण आपल्या सभांतून फारशी निघत नाही. निघायला हवी.

अशा घरातल्या मुलाला दिवसाउजेडी शांतपणे पुस्तक उघडायचे तर सार्वजनिक बागेचा बाक हाच आसरा. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत असत. वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचा हा माणूस, जन्म १८६० चा. विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक. शिवचरित्र, तुकारामांचे चरित्र अशी मोठमोठी पुस्तके लिहिणारा, सत्यशोधक विचारांकडे ओढा असलेला. एवढ्या व्यापातल्या माणसाला बागेत येऊन घटकाभर डोळे मिटून बसण्याचा हक्क होता. पण रोज एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी जवळ जाऊन विचारपूस केली. मुलगा कोण, कोणत्या जातीचा हे कळल्यावरही ते दूर सरकले नाहीत. उलट त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले, काय वाचावे ते सांगू लागले. शाळा त्यांची नव्हे, मुलगा त्यांच्या वर्गातला नव्हे, शाळेच्या वेळेबाहेर त्यांच्यावर कोणतीही जबाबदारी नव्हे.

फळ्यापाशी डबे हलविणारी मुले आणि बाकावर पुस्तक पुढे करणारे गुरुजी, यांच्यात अंतर आहे अर्ध्या तासाच्या वाटेचे. एकाच मुलाच्या वाट्याला एकाच शहरात हे दोन्ही आले.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण किती? ७५० पैकी २८२. हा आकडा मी बागेत मुलांना सांगितला तेव्हा एकदम शांतता पसरली. आमच्यात एक मुलगा आहे, दहावीला त्याला एक्केचाळीस टक्के पडले. सहलीत तो सगळ्यांच्या मागून चालत होता, डबाही लांब बसूनच खाल्ला. त्याने खिशातून मोबाइल काढून हिशेब केला आणि म्हणाला, “सदतीस पॉइंट सहा.” मग थोड्या वेळाने विचारले, “मावशी, गुरुजींनी मार्क विचारले नव्हते का?”

मी त्याला एवढेच सांगितले की ओळख झाली तेव्हा परीक्षाच झाली नव्हती. त्या काळी मॅट्रिक पास होणे ही सोपी गोष्ट नव्हती आणि मार्कांची आजच्यासारखी खैरात नव्हती, हेही खरे. पण त्या मुलाच्या प्रश्नाने माझ्या डोक्यात जे सुरू झाले ते घरी येईपर्यंत थांबले नाही. आपल्याकडे दर जयंतीला गुणगौरव समारंभ होतात. ऐंशी टक्क्यांच्या वरचे विद्यार्थी व्यासपीठावर, ढाल, दप्तर, फोटो. चांगलेच आहे. पण ढाल मिळते ती मुलगा वर आल्यानंतर. एक्केचाळीसवाला मुलगा त्या दिवशी खुर्च्या मांडत असतो. त्याच्या खांद्यावर हात ठेवून “काय वाचतोस सध्या?” असे विचारणारा माणूस मंडपात नसतो, आणि वर्षाचे बाकीचे दिवस तर मुळीच नसतो.

भीमरावांचाही सत्कार झाला, आणि त्याची हकिकत खुद्द बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ साली जी प्रस्तावना लिहिली होती, ती १९५७ मध्ये ग्रंथ निघाला तेव्हा त्यात छापली गेली नाही. पुढे ती वेगळी उजेडात आली. तीत ते सांगतात की वस्तीतील लोक सत्कारासाठी आले तेव्हा वडिलांनी साफ नकार दिला होता. मुलाच्या डोक्यात हवा जाईल, परीक्षाच तर पास झाला आहे, असे सुभेदारांचे म्हणणे. तेव्हा लोक केळुसकरांकडे गेले, आणि त्यांच्या मध्यस्थीने सुभेदार तयार झाले. सभेचे अध्यक्षही केळुसकरच. भाषण संपल्यावर केळुसकरांनी मुलाला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. (ही परीक्षा इंग्रजी चौथीची होती असे बाबासाहेब लिहितात, चरित्रकार मॅट्रिकची सांगतात. ज्यांना वाद घालायचा त्यांनी घालावा.) ते पुस्तक वाचून मन हलले, आणि बुद्धाकडे आपण वळलो ते दादा केळुसकरांनी दिलेल्या त्या पुस्तकामुळे, असे बाबासाहेबांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षी नोंदविले आहे.

हे पुस्तक १८९८ साली निघालेले. लेखकाजवळ आपल्या पुस्तकाच्या प्रती असतातच, त्यातील एक दिली. यात खर्च तो किती? पण कोणाला कोणते पुस्तक द्यावे हे कळायला त्या मुलाला आधी ओळखावे लागते. सत्कारात हार घालून मोकळे होता आले असते.

गुरुजी तेवढ्यावर थांबलेही नाहीत. इंटरनंतर पैशाअभावी कॉलेज सुटण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी भीमरावांना सोबत घेऊन सयाजीराव महाराज गायकवाडांची भेट घेतली. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरे ऐकून समाधान झाले, आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एल्फिन्स्टन कॉलेजात हॉटेलवाला चहा काय, पाणीसुद्धा द्यायला तयार नव्हता. त्याच कॉलेजातले प्रोफेसर मुल्लर त्यांना आपली पुस्तके देत, अंगावर घालायला कपडेही देत. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. शिष्यवृत्तीचे श्रेय महाराजांचे, त्यात शंका नाही. पण राजवाड्याच्या दारापर्यंत त्या मुलाला हाताला धरून नेणारा माणूस एक मास्तर होता.

जसा आधार लक्षात राहतो तसा नकारही राहतो. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणी १९९० साली पुस्तिकारूपाने निघाल्या. त्यांत १९०१ सालचा, साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे जातानाचा प्रवास आहे. वय नऊ वर्षांचे. मसूर स्टेशनावर उतरलेली चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो आणि जात कळताच मागे सरतो. रात्री जकात नाक्यावर पाणी मागितले तर मिळत नाही. सोबत डब्यात भाकरी असून पाण्यावाचून मुले उपाशी झोपतात. हे सारे त्यांनी तीस-पस्तीस वर्षांनंतर लिहिले, तरी गाडीवानापासून नाकेदारापर्यंत एकेक माणूस जागच्या जागी उभा आहे. त्या नाकेदाराला घरी जाईपर्यंतसुद्धा ती मुले आठवली नसतील.

आमच्या विहारात रात्री पोरे अभ्यासाला बसतात, कारण घरोघरी टीव्ही आणि दहा बाय बाराची खोली. शेजारच्या चाळीत एक आजी आहेत. त्यांना अक्षर वाचता येत नाही. रात्री दहाच्या सुमारास त्या चहाची किटली घेऊन येतात आणि प्रत्येकाला त्याच्या परीक्षेची तारीख विचारतात. कोणाचा पेपर बुधवारी, कोणाचा शनिवारी, सारे त्यांच्या तोंडपाठ. एका पोराने मला सांगितले, “झोप आली तरी आजी येऊन जाईपर्यंत उठता येत नाही. त्या विचारतील ना, तू कुठं गेला होतास.” चहा तर कोपऱ्यावरही मिळतो! या आजींचे नाव कोणत्याही पत्रिकेवर कधी छापले गेलेले नाही, आणि छापलेले त्यांना आवडणारही नाही. करुणा, मैत्री हे शब्द आपण वंदनेच्या वेळी मोठ्याने म्हणतो. आजींच्या किटलीत ते न बोलता येतात.

दुपारी बागेत आम्ही तासभर बसलो. एका बाकावर एक गृहस्थ पेपर वाचत होते, दुसऱ्यावर पाठीला जेवणाच्या ऑर्डरची मोठी पिशवी असलेला तरुण बसल्या बसल्या डुलक्या घेत होता. मुलांनी आपला बाक कोणता म्हणून विचारले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा बाक कोठून दाखवणार? मग त्यांनी आपापसात वाद घालून झाडाखालचा एक ठरवून टाकला आणि त्यावर दाटीवाटीने सगळे बसले. मी काही बोलले नाही.

तेथून प्रभादेवीची लोकल धरली. हे स्टेशन २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोडच होते, म्हणजे तेच नाव दिवसभर आमच्या सोबतीला. तेथून परळला चालत जाऊन बी. आय. टी. चाळ पाहिली. १९१२ पासून १९३४ पर्यंत बाबासाहेबांचे बिऱ्हाड या चाळीत होते, पन्नास आणि एक्कावन्न नंबरच्या समोरासमोरच्या खोल्यांत. त्यातली एक त्यांनी वाचण्यालिहिण्यासाठी राखली होती. डबक चाळीत जात्याजवळ डोके ठेवून झोपणाऱ्या माणसाला पुस्तकांसाठी अख्खी खोली मिळाली ती येथे. जिना चढताना मुले आपोआप हळू बोलू लागली.

परतीच्या गाडीत तो एक्केचाळीस टक्केवाला मुलगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि केळुसकरांचे ते पुस्तक आता मिळते का, असे विचारले. मिळते, चैत्यभूमीला सहा डिसेंबरच्या स्टॉलवरून घेतलेली प्रत माझ्याकडेच होती. पुढच्या रविवारी त्याला नेऊन दिली. परवा विहाराच्या पायरीवर तो भेटला. अजून अर्धेही झालेले नाही. म्हणाला, “मावशी, भाषा लई जुनी आहे. पण दोनदा वाचलं की कळते.”