टक

मराठीत गाडीच्या भागांना फारसे शब्द नाहीत. भागांची नावं इंग्रजीतून आली, गॅरेजमध्ये येऊन जरा वाकडी झाली आणि तशीच राहिली. आवाज मात्र आपले आहेत. पट्टा सैल झाला की गाडी कुंईऽऽ करते. चाकाचं बेअरिंग गेलं की घूंऽऽ, आणि तो वेगाबरोबर चढत जातो. शॉकअपचं रबर गेलं की खडखड, मागचे पाटे सुकले की कुरकुर. ‘आवाज कसा येतो?’ हा मेस्त्रीचा पहिला प्रश्न असतो आणि गिऱ्हाईक तोंडाने आवाज काढून दाखवतं. चारचौघांत एरवी आवाजही न चढवणारी माणसं गॅरेजच्या दारात उभी राहून मन लावून खुटूक-खुटूक करताना मी पाहिली आहेत.

दादाच्या पिकअपला लागलेला आवाज यातला कुठलाच नव्हता. तो नुसता ‘टक’ होता. शेताच्या रस्त्यावरून हळू येताना, स्टेअरिंग थोडं वळलेलं असताना एखादा खड्डा आला की टक. गतिरोधकावर एक चाक आधी चढलं की टक. हायवेला लागून गाडीने साठ धरले की काही नाही. आवाज मोठा नव्हता. पण तो कानाबरोबर हाताला लागायचा. स्टेअरिंग धरलेल्या तळव्यात कुणीतरी आतून बोटाने टिचकी मारल्यासारखा.

आमच्याकडे दिंडोरी तालुक्यात ऑगस्टपासून टोमॅटो सुरू होतो. दादा स्वतःचा माल आणि आजूबाजूच्या चार-पाच शेतकऱ्यांचा माल पिंपळगाव बसवंतच्या बाजारात नेतो. वीस किलोचा एक क्रेट, असे शंभर-सव्वाशे क्रेट. म्हणजे दोन-अडीच टन. कागदावर गाडीची जेवढी ताकद लिहिलेली आहे त्याहून हे जास्त आहे हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या वर्षी पुतण्या बावीस वर्षांचा झाला होता आणि रात्री वाशीची फेरी तो मारायला लागला होता. वाशीला जायचं म्हणजे कसारा घाट उतरायचा. पुढे ट्रक, मागे ट्रक, अंधार, आणि पाठीवर अडीच टन टोमॅटो.

म्हणून दादाला तो ‘टक’ झोपू देत नव्हता.

पुतण्याचं म्हणणं होतं की आवाज उजव्या चाकात आहे आणि एवढं काही नाही. दादाचं म्हणणं होतं की तो डाव्या पायाखालून, क्लचच्या मागून येतो. वहिनी एकदा बाजूला बसून वणीला गेल्या, त्या म्हणाल्या, आवाज बॉनेटमध्ये आहे. तिघंही खरं सांगत होते. पोलादातून आवाज हवेपेक्षा पंधराएक पटीने जोरात धावतो. चासीच्या एका टोकाला ठोकलं की सगळी गाडी वाजते, आणि आपण बसलो असू तिथून जे पत्र्याचं तोंड जवळ असेल तिथून आवाज येतोय असं वाटतं. मी नाशिकला ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे हे मी दादाला ऐटीत समजावून सांगितलं. तो म्हणाला, “मग कुठून येतो ते सांग.”

खरी अडचण तिथेच होती. ‘टक’ करणाऱ्या जागा अनेक आहेत आणि त्यांच्यात दोन टोकं आहेत. एका टोकाला लोअर आर्मचा बॉल जॉइंट. हा खालचा गोळा झिजून निसटला तर चाक बाहेरच्या बाजूला आडवं पडतं आणि गाडी नाक घासत जिकडे जाईल तिकडे जाते. त्याच टोकाला टाय रॉडचा एंड. तो सुटला तर स्टेअरिंग फिरतं, पण एक चाक ऐकत नाही. दुसऱ्या टोकाला सुकलेलं रबर, ढिला क्लॅम्प, ग्रीस संपलेला सांधा. यांचा त्रास होतो, पण जीव जात नाही. आणि तळहाताला दोन्ही टोकं सारखीच लागतात. छातीत दुखल्यावर पित्त आहे की आणखी काही हे दुखण्यावरून कळत नाही, तसलाच प्रकार. पुतण्या गाणी मोठी लावायचा. गाणी मोठी लावली की गाडीचे निम्मे आजार बरे होतात.

पहिल्या गॅरेजात दोन्ही टाय रॉड एंड बदलले आणि अलाइनमेंट केलं. आवाज तसाच. दुसऱ्या गॅरेजात लोअर आर्मचे बुश बदलले. आवाज तसाच. दोन्ही मिळून साडेसहा हजार गेले, आणि दोन दिवस गाडी उभी राहिली ते वेगळेच. मला या गॅरेजवाल्यांचा राग येत नाही. आपल्याकडे शोधायचे पैसे कुणी देत नाही. मेस्त्रीने दोन तास गाडीखाली झोपून ‘काही बदलायची गरज नाही’ असं सांगितलं, तर आपण त्याला चहा पाजतो. त्याने दहा मिनिटांत जुना भाग काढून नवा घातला, तर खोक्यासकट बिल देतो. मग तो भाग बदलतो. सगळ्यात जास्त वेळा जो भाग जातो तो आधी, त्याच्यानंतरचा नंतर. या पद्धतीने आवाज कधीतरी थांबतोच, आणि तोवर गाडीही बऱ्यापैकी नवी झालेली असते.

तिसऱ्या वेळी दादाने गाडी कुठे नेली नाही. एका रविवारी त्याने पिंपळगावच्या एका म्हाताऱ्या उस्तादांना घरी आणलं. त्यांचं गॅरेज आता मुलगा बघतो, ते फारसं काम करत नाहीत. येताना त्यांनी हत्यारं आणली नाहीत. एक टॉमी, एक टॉर्च आणि अंगाखाली टाकायला गोणपाट.

आधी त्यांनी पुतण्याला गाडीत बसवलं. चारी चाकं जमिनीवर, इंजिन बंद, चावी चालू म्हणजे स्टेअरिंग लॉक होणार नाही. “वळवू नको. नुसतं हलव. डावीकडे चार बोटं, उजवीकडे चार बोटं.” इंजिन बंद असलं की पॉवर स्टेअरिंग जड होतं, सगळ्या सांध्यांवर ताण येतो, आणि शांतता असल्यामुळे ऐकूही येतं. पुतण्या हलवत राहिला आणि ते खाली झोपून एकेका सांध्याला हात लावत गेले. ऐकण्यासाठी नाही, हाताला कळतं म्हणून. टाय रॉडच्या एंडवर तळवा ठेवायचा, अर्धा एका बाजूला आणि अर्धा दुसऱ्या बाजूला. सांध्यात प्ले असेल तर एक बाजू आधी हलते, दुसरी मागून. उजवा एंड, डावा एंड, रॅकचे आतले सांधे, रॅक चासीला धरून ठेवणारे क्लॅम्प. माझाही हात धरून त्यांनी एकेका ठिकाणी ठेवला. सगळीकडे दोन्ही बाजू एकदम हलत होत्या. पण कुठेतरी वर ‘टक’ होत होतं. प्रत्येक चार बोटांना एकदा.

माझ्या मते इथेच थांबून वर बघायला हरकत नव्हती. उस्ताद थांबले नाहीत. “वरचा आवाज सापडला म्हणून खालचा नाही असं नसतं,” म्हणाले, आणि जॅक मागितला.

जॅक कुठे लावायचा यावर दादाशी थोडं वाजलं. दादाने नेहमीच्या जागी, चासीखाली लावला होता. उस्तादांनी काढायला लावला आणि लोअर आर्मखाली, चाकाच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ लावला. या गाडीत स्प्रिंग लोअर आर्मवर बसते. चासी उचलली तर आर्म लटकतो, स्प्रिंग त्याला खाली ताणून धरते आणि झिजलेला बॉल जॉइंटसुद्धा घट्ट वाटतो. आर्मच उचलला की स्प्रिंगचा ताण जॉइंटवरून उतरतो आणि प्ले असेल तर दिसतो. आधीच्या दोन्ही ठिकाणी जॅक चासीखाली लावला होता, हे दादाला नंतर आठवलं.

चाक वर-खाली धरून हलवलं. किंचित हललं. दादाचा चेहरा उतरला. उस्ताद पुतण्याला म्हणाले, “ब्रेक दाब.” पुन्हा हलवलं, तर हलेना. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला, म्हणजे तो चाकाच्या बेअरिंगचा होता. बॉल जॉइंटचा असता तर ब्रेकने गेला नसता. बेअरिंग आवळायचं ठरलं. मग टायरखाली टॉमी घालून चाक वर उचकून पाहिलं. बॉल जॉइंट जागचा हलला नाही. दुसरं चाकही तसंच पाहिलं. एवढं सगळं झाल्यावर दादा पहिल्यांदा खाली बसला आणि त्याने तंबाखू मळायला घेतली.

गाडी पुन्हा जमिनीवर आली, बॉनेट उघडलं. स्टेअरिंगचा दांडा केबिनमधून बाहेर येतो आणि एका तिरक्या शाफ्टने खाली रॅकला जोडला जातो. या शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस असतात आणि मध्ये एक सरकता सांधा. दांड्यावर उभे खाचे आणि नळीत तसेच खाचे, एकात एक बसलेले. हा सांधा सरकता का ठेवतात, तर केबिन चासीवर रबरांवर बसलेली असते आणि खड्ड्यात ती चासीपासून वेगळी हलते, थोडीच, पण हलते. तेवढं अंतर शाफ्टने कमी-जास्त करून द्यायचं असतं. आतलं ग्रीस सुकलं की शाफ्ट सरकायला कुरकुरतो. अडतो, अडतो, आणि ताण वाढला की एकदम सुटतो. तो सुटणं म्हणजे टक. स्टेअरिंग वळलेलं असताना खाचे एकमेकांवर दाबलेले असतात, म्हणून तेव्हा जास्त. हायवेला सरळ रस्त्यावर केबिन फारशी हलत नाही, म्हणून तिथे नाही. महिनाभर दादा जे जे सांगत होता ते सगळं त्या वीतभर शाफ्टमध्ये बसलं. क्लचच्या मागून येतो हेसुद्धा. शाफ्ट तिथूनच बाहेर निघतो.

उस्तादांनी शाफ्टवर माझा हात ठेवला. टक माझ्या मुठीत झाला.

तरी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. सरकत्या सांध्यावर पातळ तेलाचे चार थेंब सोडले आणि पुतण्याला पुन्हा हलवायला सांगितलं. दहा-बारा वेळा टक झालं, मग बारीक झालं, मग गेलं. हा त्यांच्या लेखी पुरावा, दुरुस्ती नव्हे, कारण तेल दोन दिवसांत वाहून जातं. संशय रबराच्या बुशवर असता तर तेलाऐवजी साबणाचं पाणी घातलं असतं, तेलाने रबर फुगतं, असंही सांगितलं.

दुरुस्ती संध्याकाळी झाली. चाकं सरळ केली. सीटचा पट्टा स्टेअरिंगच्या चाकातून ओवून बांधला, म्हणजे शाफ्ट निघाल्यावर वरचा दांडा मोकळा फिरणार नाही. शाफ्टवर आणि दोन्ही टोकांना पांढऱ्या रंगाच्या रेघा मारल्या. एक दात जरी इकडचा तिकडे बसला तरी सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरपं राहतं. शाफ्ट ओढून दोन भाग वेगळे केले तेव्हा आत ग्रीस नव्हतंच, तपकिरी पूड होती, तपकिरीच्या डबीत असते तशी. डिझेलमध्ये धुतलं, पुसलं. क्रॉस बोटांनी चारी दिशांना फिरवून पाहिले, त्यांच्यात खेळ नव्हता. खाच्यांवर नखाला लागेल अशी झीज होती, थोडी. काळं मॉली ग्रीस भरलं आणि शाफ्ट पन्नासेक वेळा आत-बाहेर केला.

बसवताना पुतण्याने बोल्ट घातला आणि पाना लावला. उस्तादांनी हात धरला आणि बोल्ट काढायला लावला. दांड्याच्या टोकाला आडवी खाच असते, बोल्ट बरोबर तिच्यातून जायला हवा. नुसता आवळला तरी तो घट्ट लागतो, शाफ्ट धरल्यासारखा वाटतो, आणि मग एक दिवस शाफ्ट टोकावरून निसटतो. “आधी होता तो नुसता आवाज होता,” ते म्हणाले. “हा चुकला असता तर आवाज आला नसता.” त्यांनी टॉर्च मारून खाच पुतण्याला दाखवली, त्याच्याच हाताने बोल्ट घालून घेतला, आणि नवाच घालून घेतला. पुतण्या त्यानंतर बराच वेळ बोलला नाही.

कॅनॉलच्या रस्त्याने फेरी मारली. दादा चालवत होता. तिन्ही गतिरोधक तिरपे घेतले. काही नाही. मग एकेक करून बाकीचे आवाज ऐकू यायला लागले. डावं दार, मागच्या फाळक्याची साखळी, रिकामे क्रेट. दादा म्हणाला, हे चालतील.

डिसेंबरात थंडीच्या सकाळी तो पुन्हा बारीक यायला लागला. खाच्यांची झीज ग्रीसने किती दिवस झाकणार. सीझन संपला होता, तेव्हा नवा शाफ्ट घातला. ते काम तासाभरात झालं. पुतण्याने स्वतः केलं, बोल्टच्या वेळी मला टॉर्च धरायला लावला.

त्या रविवारी हिशेब काय झाला ते मात्र सांगायला हवं. उस्तादांनी ग्रीसचे, बोल्टचे आणि शाफ्ट काढून बसवायचे मिळून तीनशे रुपये घेतले. शोधायचे काही मागितले नाहीत. दादा म्हणाला, आधीच्या दोघांनी साडेसहा हजार घेतले, तुम्ही निदान हजार तरी घ्या. ते नाही म्हणाले. बराच वेळ घ्या-नाही चाललं. शेवटी दादाने टोमॅटोचे चार क्रेट गाडीत टाकले. त्या आठवड्यात बाजार पडलेला होता, क्रेटमागे भाडंसुद्धा सुटत नव्हतं. त्यांना घरी सोडायला मी बरोबर गेलो होतो. उतरल्यावर त्यांनी दोन क्रेट घेतले, दोन परत केले, आणि दारातून मुलाला हाक मारली, “अरे, आईला विचार, चाळीस किलोचं करणार काय!”