आधी काठ, मग पाणी

चि. मृण्मयीस,


तू पाठवलेला तळ्याचा आराखडा काल नीट पाहिला. धबधबा आहे, कमळं आहेत, तुला बसायला कट्टाही आहे. काठ मात्र अंगणाच्या फरशीला लागून, सपाट. धबधबा पुढच्या वर्षी केलास तरी चालेल; काठ पहिल्या दिवसापासून पक्का हवा. तुझं अंगण सांगलीत आहे आणि कृष्णा तिथून लांब नाही.

गोट्या आणि चिंगी ही तुझी कासवं आणली तेव्हा रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी होती. आता त्यांनी तळहात भरतो. चिंगी मादी असेल तर तिची पाठ फूटभराच्या जवळ जाईल, आणि नीट सांभाळलं तर दोघं तीस वर्षंही जगतील. तुझं शिक्षण, नोकरी, संसार सगळं मार्गी लागेल, तेव्हाही ती असतील. दुकानदार हे सांगत नाहीत. मग लोक कंटाळतात आणि कासव देवळाच्या तळ्यात नाहीतर नदीत सोडून येतात. त्यांना ते पुण्याचं काम वाटतं, याचंच मला फार वाईट वाटतं.

तुझी ही रेड-इअर्ड स्लायडर जात मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातली. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 आक्रमक प्रजातींच्या आययूसीएनच्या यादीत तिचं नाव आहे. युरोपीय संघाने 1997 मध्येच तिची आयात थांबवली. परक्या पाण्यात ती तिथल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावते. आपल्या कृष्णेत लेथचं मऊ पाठीचं कासव राहतं. ते भारतीय द्वीपकल्पातल्या नद्यांखेरीज कुठेच नाही आणि आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. सांगलीत मगरीची बातमी होते, या कासवाची कधी होत नाही. तुझ्या तळ्याच्या काठाची भिंत त्याच्यासाठीही आहे, हे गवंड्याला सांगता आलं नाही तरी तू मनात ठेव.

तर भिंत. पाण्याच्या पातळीच्या वर दीड फूट, आतून गुळगुळीत गिलावा, आणि माथ्यावर आतल्या बाजूला अर्धा फूट पुढे आलेली कड. कोपरे गोल करून घे. स्लायडर चांगली चढतात, काटकोनी कोपऱ्यात दोन्ही बाजूंना पाय रोवून वर सरकतात. भिंतीच्या आतच थोडी जमीन ठेव आणि तिथे पाया फूटभर खाली ने, कारण ती उकरतातही. वरून वेल्डमेशची जाळी हवी. घार, कावळा, मांजर, मुंगूस, गल्लीतली कुत्री, सगळ्यांची नजर जाते. दिवसा कुणी फिरकलं नाही म्हणून रात्री जाळी उघडी ठेवू नकोस.

पावसाचं पाणी बाहेर जाण्यासाठी ओव्हरफ्लोचा पाइप लागेलच. त्याच्या तोंडाला स्टीलची जाळी लाव आणि पावसाळ्यात ती रोज साफ कर. पाचोळ्याने जाळी तुंबली की पाणी काठावरून वाहतं आणि कासव त्याबरोबर गटारात.

आणि पूर. 2005, 2019, 2021 या तिन्ही वेळा सांगलीत पाणी शिरलं, दादाला विचार. पूर काठावरून गेला तर कुठलीच भिंत कामाची नाही. म्हणून झाकणाचे, भोकं पाडलेले दोन क्रेट आधीच घेऊन ठेव आणि वरच्या मजल्यावरचं कुणाचं घर हेही आजच ठरव. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की कासवं क्रेटमध्ये. 45 फुटांची, धोका पातळीची वाट पाहायची नाही. तेव्हा घरातल्या माणसांनाच हात कमी पडतात. ओल्या फडक्यावर ती दोनेक दिवस सहज राहतात.

तळ्याची लांबी दहा फूट, रुंदी सहा, खोली सरासरी दोन फूट धर. साधारण साडेतीन हजार लिटर पाणी झालं. दोघांना मोकळं पोहता येईल आणि एप्रिलच्या उन्हात तळ तरी गार राहील. अर्ध्या भागावर शेडनेट टाक, अर्धा उघडा ठेव. माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात पाठ मऊ पडलेली स्लायडर येतात ती बहुतेक काचेच्या भांड्यातली. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, पण उन्हातला जो अतिनील किरणांचा भाग त्यांच्या अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार करतो तो काचेत अडतो. मग खाल्लेलं कॅल्शियम हाडात आणि कवचात पोचत नाही. म्हणून पाण्याबाहेर पूर्ण कोरडं होता येईल असा ओबडधोबड दगड आणि त्यावर चढायला उतार हवाच. कासव फुप्फुसाने श्वास घेतं. बाहेर येता आलं नाही, तर बुडून मरतं. पंपाचं तोंडही त्याच कारणाने जाळीच्या पिंजऱ्यात ठेव, आणि त्या लाइनीवर ईएलसीबी बसवल्याशिवाय बटण दाबू देऊ नकोस.

जमिनीच्या तुकड्यात फूटभर खोल वाळूमिश्रित माती घाल. नर नसला तरी मादी अंडी घालते, आणि मनाजोगी जागा मिळाली नाही तर ती पोटात अडकतात. ती अंडी उबवायची नाहीत, दोघंच पुरेत.

नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं, ते त्यांच्या कातडीला आणि डोळ्यांना सोसत नाही. क्युरिंग झाल्यावरही तळं भरून काही दिवस ठेवायचं, रिकामं करायचं, पुन्हा भरायचं. मत्स्यालयाच्या दुकानात पीएचच्या पट्ट्या मिळतात, त्या ठीक दाखवेपर्यंत. घाई तुला होईल, माहीत आहे. कमळं कासवं कुरतडून टाकतील, म्हणून ती दुसऱ्या कुंडात लाव. डासांसाठी गप्पी सोड, पण त्यांना जाळीआड एक कोपरा दे, नाहीतर कासवंच संपवतील. पाण्यात हात घातलास की साबणाने धुवायचे. साल्मोनेला निरोगी दिसणाऱ्या कासवातही असतो, आणि घरात आजी आहे.

नवा आराखडा भिंतीच्या उभ्या छेदासकट पाठव. गवंडी यायच्या आधी मी एक रविवार सांगलीला येते. वहिनीला सांग, जेवायलाच येईन.

तुझी,
आत्या