आधी विचार, पूर्व की पश्चिम?

प्रिय सखी,

तुझं विमानाचं तिकीट निघालं हे वाचून फार आनंद झाला. बोरिवलीला सासरी राहणार, अंधेरी-घाटकोपरला खरेदी करणार आणि मुलुंडला माझ्याकडे येणार म्हणतेस. मग हे नीट वाच, म्हणजे सुट्टीचे मोजके दिवस ट्रॅफिकमध्ये जाणार नाहीत.

कुठलाही पत्ता घेताना आधी पूर्व की पश्चिम ते विचार. घाटकोपरची खाऊ गल्ली पूर्वेला, आर सिटी मॉल पश्चिमेला. बोरिवलीचं नॅशनल पार्क पूर्वेला, तर एल. टी. रोडचा बाजार पश्चिमेला. स्टेशनचा पूल ओलांडून योग्य बाजूला उतर आणि मगच रिक्षा कर, नाहीतर रूळ ओलांडायला रिक्षाला केवढा तरी वळसा पडतो.

बोरिवली-अंधेरीला लोकलच बरी. सकाळी लोंढा चर्चगेटकडे असतो, म्हणून अकरानंतर निघ. परतीचं तिकीट एकदमच काढ. संध्याकाळी अंधेरीहून विरार फास्टमध्ये मुळीच चढू नकोस, बोरिवलीला उतरणं कठीण होतं. बोरिवली लोकलची वाट बघ.

खरा बदल झालाय तो आडव्या, म्हणजे पूर्व-पश्चिम प्रवासात. अंधेरीच्या आगरकर चौकातून ३४० नंबरची बस पकडून घाटकोपर गाठताना आपला जीव मेटाकुटीला यायचा, आठवतं? ८ जून २०१४ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि हे अंतर वीस-पंचवीस मिनिटांवर आलं. आता तर बोरिवली पूर्वेहून मेट्रोने गुंदवलीला ये, पुलावरून चालत वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनात जा आणि घाटकोपरची मेट्रो घे. पुढे मुलुंडला स्लो लोकल. मुलं आणि सामान बरोबर असताना हा रस्ता फार सोयीचा.

कपडे, चपला, कानातली हवी असतील तर अंधेरी पश्चिमेचं लोखंडवाला मार्केट. ते स्टेशनपासून लांब आहे, रिक्षा मीटरनेच कर. फुटपाथवरच्या विक्रेत्यांशी मोकळेपणाने घासाघीस कर, पण आधी दोन-तीन ठिकाणी भाव काढ. रोजच्या वापराचं सगळं एल. टी. रोडवर मिळेल. खाऊ गल्लीत डोसा खायला संध्याकाळीच जायचं, दुपारी तिथे रंग भरत नाही.

हातगाडीवरही आता क्यूआर कोड असतो, पण तुझं परदेशी कार्ड तिथे कामाचं नाही. दहा-वीसच्या नोटा जवळ ठेव. कापडी पिशवी विसरू नकोस, प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१८पासून बंदी आहे. आणि नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं, मुलांना तसं आधीच सांगून ठेव.

खरेदीसाठी दादर गाठायलाच हवं असं आता राहिलेलं नाही. आपली उपनगरं स्वतःच्या पायावर उभी आहेत आणि ती तुला हिंडून दाखवायची मला फार हौस आहे. मुलुंडला कधी येतेस तो वार कळव. घाटकोपरला मेट्रोच्या फाटकाशी घ्यायला येते.

तुझीच,
मुलुंडची मैत्रीण