वाढत्या अंगाचं

आमच्या नेसरी गावात बाळंतपण आषाढात येणार असेल, तर दुपटी आणि लंगोट दुपटीने शिवावे लागतात. उन्हाळ्यात सकाळी धुतलेलं कापड दुपारपर्यंत कडकडीत वाळतं, मोजक्या कपड्यांवर भागतं. पण एकदा तरणा पाऊस लागला आणि पाठोपाठ म्हातारा आला, की दोरीवरचं कापड दोन-दोन दिवस ओलं राहतं आणि कुबट वास धरतं. मग शेगडीवर डालगं पालथं घालायचं, त्यावर दुपटी पसरायची आणि निखाऱ्यावर ओवा-बाळंतशेपा टाकायच्या. त्या धुरीत वाळलेलं कापड बाळाच्या अंगाला लागलं, की खोलीभर ऊब पसरते. म्हणून आमच्याकडची जुनी बाई सातवा महिना लागला, की आधी पंचांग बघायची आणि मग ट्रंक उघडायची.

ट्रंकेत जुनी लुगडी असायची. बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालायचं नाही, असा आमच्या भागातला रिवाज. त्यामागचं शहाणपण हाताला कळतं. नव्या कापडात खळ असते, ते खरखरतं. वर्षानुवर्षं ओढ्याच्या दगडावर आपटलेलं, उन्हात वाळलेलं सुती नऊवारी इतकं मऊ पडतं, की बाळाच्या कातडीला ते वेगळं जाणवूच नये. यातली कितीतरी लुगडी आमच्याच जिल्ह्यात विणलेली. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग बसवला आणि पुढे ते गाव लुगड्यांचं झालं. आजीच्या लग्नातलं, आईच्या बाळंतपणातलं, रानात खुरपणीला नेसलेलं असं ते कापड शेवटी नातवाच्या अंगाखाली येतं.

झबलं कापताना पाहिलं असेल, तर त्यातला विचार ध्यानात येईल. त्याला बटण नाही, हूक नाही. पुढे दोन बंद. मान न धरणाऱ्या बाळाला डोक्यावरून काही घालायचं नसतं, म्हणून ते पुढून उघडं. जुन्या हातांनी शिवलेल्या झबल्याची शिवण बाहेरच्या अंगाला असते. बघणाऱ्याला ती उलटी वाटते, पण ज्याच्यासाठी शिवलं त्याच्या काखेत ती टोचत नाही. कपडा कुणाच्या बाजूने शिवायचा, याचा निकाल तिथेच लागलेला असतो.

बारशाला मात्र थाट. बाळंतविड्यात कुंची आलीच पाहिजे, आणि तीही खणाची. खण येतो गुळेदगुड्डचा. आमचा भाग कानडी मुलखाला लागून, म्हणून इरकल आणि खण आम्हाला परके कधी वाटले नाहीत. काठाची पट्टी कपाळावर यावी असं ते कापड दुमडायचं, मागे पाठीवर मोकळं सोडायचं, कडेला लेस, मोती, एखादं घुंगरू. कुंची घातलेलं मूल पहिल्यांदा घराबाहेर निघालं, की गल्लीतल्या बायका आधी बाळाकडे बघायच्या आणि लगेच शिवणीकडे.

मूल चालायला लागलं, की शिवणाऱ्या बाईचं खरं काम सुरू होतं. तान्ह्याचं माप सोपं. धावणाऱ्या मुलाचं माप दर चार महिन्यांनी बदलतं. माझी आत्ती टेप वापरायची, पण तिचा भरवसा विती-बोटांवर. पोराला भिंतीला उभं करायची, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत वीत टाकायची आणि वर म्हणायची, ‘‘पोराचं अंग वाढतं हाय, चार बोटं जास्त धर.’’ आमच्याकडे मुलांचं सगळंच वाढत्या अंगाचं शिवलं जायचं. बाजूच्या शिवणीत भरपूर माया, बाहीच्या टोकाला दुमड, परकराच्या घेराखाली दोन-दोन टिपा. दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचं कापड निघायचं. थोरल्याचा सदरा, मधलीचा फ्रॉक, धाकटीचं परकर-पोलकं, आणि उरलेल्या तुकड्यांतून दप्तराची पिशवी. जत्रेत हरवलो, तर निदान रंगावरून एकमेकांना सापडू, अशी सोय आपोआप व्हायची.

त्या दुमडीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. फ्रॉक आखूड झाला, की टीप उसवून घेर खाली सोडत. वरचं कापड उन्हाने आणि धुण्याने विटलेलं, दुमडीत लपलेलं मूळ रंगाचं. त्यामुळे खाली एक गडद पट्टा उमटायचा. पुढल्या वर्षी दुसरी दुमड सोडली, की दुसरा. मुलगी वर्षाला किती वाढली, ते त्या पट्ट्यांवर मोजता यायचं. शाळेत काही मुली तो पट्टा लपवायला बघायच्या. मला आज असं वाटतं, की त्या पट्ट्याइतका मानाचा काठ कुठल्याच कपड्याला नसेल. पुढल्या वर्षीही हे मूल असेल, मोठं झालेलं असेल, हे कुणीतरी कापड कापतानाच धरून चाललेलं असतं. ज्या काळात घरोघरी लहान मुलं देवी-पटकीने जायची, त्या काळातही बाया चार बोटं जास्तच धरत आल्या.

पुढे पायमशीन आलं. त्याचा पट्टा, बॉबिन, दुपारच्या वेळी खिडकीतून येणारी एकसुरी टकटक हे सगळं घरचंच झालं. यंत्रांबद्दल इतकं कठोर बोलणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संवादात शिवणयंत्राला अपवाद केला होता. सिंगरने बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहिले आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी ते यंत्र बनवलं, असं त्यांनी सांगितलं. नेसरीसारख्या गावात या यंत्राने कष्ट तर वाचवलेच, वर विधवा झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या कितीतरी बायकांना घरात बसून चार पैसे मिळवायची वाट दिली. घरच्यांचे कपडे शिवता शिवता शेजारच्यांची पोलकी आली, मग शाळेचे गणवेश आले.

कपडा अंगावरून उतरला, तरी संपत नाही. उरलेल्याची वाकळ होते. आमच्यापासून फार लांब नाही, तिकडे हल्याळ-यल्लापूरच्या रानातल्या सिद्दी बायका वाकळेसारखीच कवंदी शिवतात. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्या बाया जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून जोडत जोडत मध्यापर्यंत येतात आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. त्या फुलांवाचून कवंदी उघडी, असं त्या मानतात. इतक्या हालअपेष्टांतून आलेल्या माणसांनी पांघरुणालाही उघडं राहू दिलं नाही, हे मी विसरू शकत नाही.

लोकरीचं विणकाम आमच्याकडे उशिरा आलं. आधी थंडी-पावसाला घोंगड्याची खोळ हेच खरं. शाळेतल्या बाईंनी, मासिकांच्या पानांनी सुया हातात दिल्या. सुलट, उलट, दोन सुलट दोन उलट. काखेपाशी टाके घटवायचे, गळ्यापाशी वेगळे करायचे. शिवणात कात्री चुकली, तर कापड गेलं. विणकामात तसं नाही. सगळं उसवा, धागा जिथल्या तिथे शाबूत. म्हणून लहान झालेला स्वेटर कुणी टाकत नसे. तो उसवायचा, धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करायची, कोमट पाण्यात धुवायची आणि खाली वजन बांधून टांगायची, म्हणजे लोकरीतली वळणं सरळ होतात. कमी पडली, तर मध्ये दुसऱ्या रंगाचा पट्टा घालायचा. थोरल्याच्या निळ्या स्वेटरला लाल पट्टा आला, की तो धाकट्याचा झाला. धाकट्याला ते जुनं वाटत नसे, कारण तो लाल रंग त्याने स्वतः निवडलेला असे.

आज तयार कपडे स्वस्त मिळतात, आणि मी त्याला वाईट म्हणणार नाही. कंदिलाच्या उजेडात टिपा घालून ज्यांचे डोळे गेले, त्या बायका माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पण तयार कपड्यावर ‘२ ते ३ वर्षं’ असं लिहिलेलं असतं, आणि कुठलंही मूल दोन ते तीन वर्षं नसतं. ते लांब हातांचं असतं, पोट पुढे आलेलं असतं, एक खांदा उतरता असतो. त्या उतरत्या खांद्याला हात लावून बघणारं कुणी घरात असावं, एवढा माझा आग्रह आहे. वर्षाकाठी एखादा तरी कपडा हाताने करावा. तेवढ्या निमित्ताने आपण त्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघतो.

बाहेरगावच्या माणसाला नेसरी म्हटलं, की खिंड आठवते. २४ फेब्रुवारी १६७४ला प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर तिथेच चालून गेले. त्या सातांच्या अंगरख्यांचे बंदही कुणीतरी बसून शिवलेले होते. फौजेत जाणं या मुलखाला आजही नवं नाही. मराठा रेजिमेंटचं केंद्र १९२२पासून बेळगावात, हाकेच्या अंतरावर. १९६२च्या चीन युद्धात देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे विणले होते. अनोळखी पोरांच्या मापाचा अंदाज त्यांनी आपल्याच घरातल्या पोरांवरून केला असणार.

माझा भाचा उत्तरेत सरहद्दीवर आहे. सरकार त्याला सगळं देतं, पांघरुणापासून बुटांपर्यंत. तरी मागच्या थंडीत मी त्याला आतून घालायची बिनबाह्यांची बंडी विणून पाठवली. माप विचारायला तो हाताशी नव्हता, म्हणून त्याच्या बापाचा जुना सदरा पुढ्यात ठेवला आणि छातीला दोन बोटं वाढवली. त्याचा फोन आला: ‘‘मामी, बसलीय एकदम बरोबर. पण पाठीला चार बोटं लांब पाहिजे होती. वाकलं की कमरेत वारा लागतो. आणि इथले दोघं विचारायलेत, तुझ्या मामीला आमच्यासाठी जमेल काय?’’ एकजण साताऱ्याकडचा आहे, उंच. दुसरा चंदगडचा, छातीने रुंद. दोघांच्या आयांना मी मापं विचारून घेतली आहेत. साताऱ्याच्या बाईंनी तर टेप बाजूला ठेवून सरळ विती सांगितल्या. लोकर हिरव्या रंगाची, चार पदरी घ्यायची आहे. गडहिंग्लजला मिळाली नाही, तर बेळगावला जाईन.