चाकांवरचं घर आणि बाहेरून आलेले

ठाण्याच्या जाऊबाईंनी फोनवर दोनदा विचारलं, "कॅम्परव्हॅन म्हणजे ट्रकच ना गं?" म्हणून आधी तेवढं सांगते. ट्रक नव्हे. आपल्याकडच्या टेम्पो ट्रॅव्हलरएवढी गाडी आणि तिच्या पोटात घर. दोन शेगड्या, भांडी घासायचं सिंक, छोटा फ्रीज, दिवसा टेबल-बाकडी आणि रात्री त्यांचाच पलंग. ड्रायव्हरच्या डोक्यावर माळा, तिथे नातवाची गादी. संडाससुद्धा आतच. 2024च्या डिसेंबरात चिरंजीव, सूनबाई, दहा वर्षांचा नातू आणि मी अशा चौघांनी या घरात नऊ दिवस संसार केला. न्यूझीलंडचं दक्षिण बेट. गाडी क्राइस्टचर्चला घेतली, फिरून तिथेच परत दिली. ही मंडळी राहतात ऑकलंडला, म्हणजे उत्तर बेटावर.

या घराचा पहिला नियम म्हणजे निघण्यापूर्वी प्रत्येक खण आणि कपाट खिटी लावून बंद करायचं, नाहीतर पहिल्याच वळणावर डबे अंगावर. दुसरा नियम मला फार आवडला. सांडपाणी गाडीच्याच टाकीत साठतं, संडासाचा डबाही तिथेच, आणि दोन्ही रिकामे करायचे ते ठरवून दिलेल्या डंप स्टेशनवर. रस्त्याकडेला ओतलं तर दंड. चिरंजीव रोज सकाळी हातमोजे घालून ते काम करायचे. घरात एक कप न विसळणारा मुलगा! आपण चौघं दिवसाला किती पाणी खराब करतो ते तिथे डोळ्यांनी दिसतं. मी दुसऱ्या दिवसापासून एका पातेल्यात भांडी विसळायला लागले. दुष्काळी तालुक्यात नोकरी केलेली, ते अंगात आहेच.

टेकापो तळ्याचं पाणी दुधात निळं कालवल्यासारखं दिसतं. हिमनदी खडक दळत खाली येते, ते पीठ पाण्यात तरंगत राहतं, म्हणून तो रंग. काठावर 1935 साली बांधलेलं दगडी चर्च आणि सभोवार जांभळ्या-गुलाबी ल्युपिनच्या फुलांचे ताटवे. मी हरखून फोटो काढायला सांगितला, तर नातू म्हणाला, "आजी, ते तण आहे. बाहेरून आलंय." नदीच्या वाळवंटातल्या गोट्यांवर इथले पक्षी अंडी घालतात, तिथे हे तण माजतं आणि शिकारी जनावरांना लपायला जागा होते. फोटो काढला, पण चेहऱ्यावर नापसंती स्पष्ट.

हे प्रकरण तिथे सुरू झालं नव्हतं. ऑकलंडला अंगणात आपली साळुंकी पाहून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं, तेव्हाही हाच म्हणाला होता, "ती पण बाहेरून आणलेली. दुसऱ्या पक्ष्यांना त्रास देते." मागच्या कुंपणापाशी त्याचा लाकडी पिंजरा आहे, आत अंडं ठेवलेलं. उंदीर आत आला की चाप बसतो आणि खलास. त्याच्यासारखी कितीतरी घरांतली मुलं हे करतात. मुक्या जनावराला दुखवू नये, असं मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलं, आणि माझाच नातू रविवारी सकाळी मेलेले उंदीर मोजून वहीत लिहितो.

गाडीत त्यावर आमचा वाद सुरूच राहिला. त्याची बाजू कच्ची नाही. वटवाघळं सोडली तर या देशात जमिनीवरचं सस्तन जनावर मुळात नव्हतंच. त्यामुळे किवी, काकापो हे पक्षी उडणंच विसरले, घरटं जमिनीवर करायला लागले. मग माणूस आला, त्याच्यामागून उंदीर आले. 1837 साली कातडीच्या धंद्यासाठी ऑस्ट्रेलियातून पॉसम आणले. ससे आणले, ते बेसुमार वाढले, म्हणून त्यांना मारायला 1880च्या दशकात स्टोट आणला. हा मुंगसासारखा लांबोडका प्राणी. पक्ष्यांच्या जाणकारांनी तेव्हाच नको म्हटलं होतं. स्टोटने सशांबरोबर अंडी आणि पिल्लंही खाल्ली. म्हणून 2016 साली सरकारने ठरवलं, की 2050पर्यंत उंदीर, पॉसम, स्टोट देशातून पार नाहीसे करायचे.

आओराकी, म्हणजे माउंट कुक, 3,724 मीटर. पायथ्याशी हिलरींचा पुतळा आहे; एव्हरेस्टच्या आधी ते याच डोंगरांत तयार झाले. तिथे आपल्या हिमालयातला ताहर भेटेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. रानबकऱ्याच्या जातीचा, मानेवर आयाळ असलेला प्राणी. 1904 साली इथे शिकारीसाठी सोडला. आज हिमालयात त्याची संख्या घटते म्हणून काळजी, आणि इथे तो डोंगरावरची नाजूक झाडं खातो म्हणून हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालतात. तेच जनावर. चिरंजिवांनी दुर्बिणीतून कड्यावरचे दोन काळपट ठिपके दाखवले. ते ताहर होते की दगड, यावर आम्हा दोघांचं एकमत झालं नाही.

लिंडिस पासच्या उघड्या पिवळ्या डोंगरांतून जाताना मी सहज म्हटलं, "अरे, मग आपण तरी कोण? आपणही बाहेरूनच आलेले."

गाडीत एकदम शांतता. चिरंजीव गेली दोन वर्षं मला सांगताहेत, की आता कायमची इथे राहा. त्यामुळे त्या वाक्याचा अर्थ त्यांनी वेगळा लावला असणार. नातू मात्र माळ्यावरच्या गादीचा विषय असावा इतक्या सहज म्हणाला, "आपण किवीची अंडी नाही खात, आजी."

क्वीन्सटाऊनच्या अलीकडे कावाराऊ नदीवर 1880चा जुना झुलता पूल आहे. 1988 साली जगातला पहिला धंदेवाईक बंजी जंप इथे सुरू झाला. 43 मीटर उंची, खाली हिरवंगार पाणी. उडी मारणार चिरंजीव, असं मी गृहीत धरलं होतं. सूनबाईंनी चष्मा, बांगडी आणि मंगळसूत्र काढून माझ्या ओंजळीत ठेवलं, तेव्हा मला कळलं. वजन करून आकडा तिच्या मनगटापाशी शाईने लिहिला, घोट्यांना टॉवेल गुंडाळून दोर बांधला. वय एकेचाळीस. मी बघायच्या सज्जावर कठडा धरून उभी. डोळे मिटावेसे वाटत होते, मिटले नाहीत. काठावर ती क्षणभर थांबली, आणि हात पसरून गेली. तोंडातून "आई गं" माझ्याच निघालं, तिच्या नाही.

त्या रात्री भाजणीची थालीपीठं लावली. (भाजणी मी पुण्याहून नेली होती. ऑकलंडच्या विमानतळावर खाण्याचा प्रत्येक जिन्नस लिहून द्यावा लागतो, लपवलं तर जागेवर 400 डॉलर दंड. मी सगळं लिहून दिलं. त्यांनी माझ्या चपलांचे तळवेसुद्धा उलटे करून माती बघितली.) भांडी पुसताना सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही दुपारी ते बाहेरून आलेले म्हणालात ना, मी पहिली दोन वर्षं रोज रात्री तेच म्हणायचे. आता नाही म्हणवत." मी तिच्याकडे बघितलं. ती डबे खणात सरकवून खिट्या लावत होती. मी काही बोलले नाही. त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

टे आनाऊपासून मिलफर्ड सुमारे 120 किलोमीटर. पाऊस आपल्या आंबोलीच्या तोडीचा, आणि खाली उतरलं की सँडफ्लाय चावतात, आठवडाभर खाजवत बसा. पण पाऊस पडतो तेव्हा दोन्हीकडच्या उभ्या कातळांवरून इतके धबधबे सुटतात, की मोजायचा नाद सोडावा लागतो. वाटेत होमर बोगदा, सव्वा किलोमीटरचा, 1954 साली खुला झालेला. तोंडाशी सिग्नलला थांबलो आणि आरशावर धप्पकन किआ येऊन बसला. हा डोंगरातला पोपट, हिरवा, पंखाखाली शेंदरी. शेवटच्या बाकावरच्या हुशार पण वांड पोरासारखा. त्याने डोकं तिरकं करून आम्हाला न्याहाळलं आणि दाराचं रबर सोलायला घेतलं. नातू हसून लोटपोट.

मला मुद्दा सापडला. मेंढ्यांच्या पाठीवर चोची मारतो म्हणून याच किआला मारायला शंभर वर्षं बक्षीस मिळत होतं. सुमारे दीड लाख मारले. संपूर्ण संरक्षण मिळालं ते 1986 साली. म्हटलं, "बघ, हा तर इथलाच होता. तरी माणसाने त्याला उपद्रवी ठरवलं. मग आज जे ठरवलंय ते बरोबरच कशावरून?"

बोगदा संपेपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "पण आजी, किआचं घरटं दगडांच्या कपारीत असतं. स्टोट आत जातो. मग आई-किआ पण मरते." आणि थोड्या वेळाने, "मला उंदीर मारायला आवडत नाही. कुणीतरी मारायला लागतं." दहा वर्षांच्या पोराच्या तोंडी हे वाक्य मला आवडलं नाही. खोटं आहे असंही म्हणता येईना.

शेवटचा मोठा मुक्काम डुनेडिनजवळ, ओटागो द्वीपकल्पाच्या टोकाला, तायरोआ हेड. रॉयल अल्बाट्रॉस पक्षी आडबाजूच्या बेटांवर वसाहत करतात, मुख्य भूमीवर फक्त इथे. पंखांचा पसारा तीन मीटर. वारा इतका, की पदर खोचून वर जाकीट घातलं तरी आवरेना. दुर्बिणीतून गवतात अंड्यावर बसलेली एक मादी (की नर, दोघंही पाळीने बसतात) दिसली. अंडं उबवायला जवळपास ऐंशी दिवस लागतात.

या पक्ष्यांची अंडी पूर्वी टिकतच नसत. माणसं पळवत, कुत्री आणि इतर जनावरं खात. लान्स रिचडेल नावाचा शेतीविषय शिकवणारा एक मास्तर होता. त्याने स्वतः तिथे राहून राखण केली, तेव्हा 1938 साली पहिलं पिल्लू उडालं. मास्तर! मला उगीचच अभिमान वाटला. त्यानेच 1937 साली एका मादीच्या पायात कडी घातली होती. ती पुढे पन्नास वर्षं त्याच टेकडीवर परत येत राहिली. तिचं नावच पडलं 'ग्रँडमा'. 1989 साली ती शेवटची दिसली, तेव्हा साठीच्या पुढची होती. नातवाने मला ते दोनदा वाचून दाखवलं आणि विचारलं, "ती कायम इथेच राहायची?" चिरंजीव शेजारीच होते. मी म्हटलं, "नाही रे. वर्षानुवर्षं समुद्रावर. इथे फक्त पिल्लासाठी."

टेकडीच्या उतारावरही तसेच लाकडी पिंजरे होते. ओळीने.

क्राइस्टचर्चला व्हॅन दिली आणि विमानाने ऑकलंडला आलो. दुसऱ्या दिवशी रविवार. नातू चहाच्या वेळी स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आजी, एक अंडं दे ना, जुनं सडलंय." मी फ्रीजमधून काढून त्याच्या हातावर ठेवलं. तो कुंपणापाशी गेला. मी खिडकीपाशीच थांबले. बाहेर साळुंक्यांचा कलकलाट चालू होता.