गाठ आणि पोकळी

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. 'गाठ' हा शब्द वर्गात कितीदा उकलून दाखवला असेल! लग्नगाठ, खूणगाठ, निरगाठ, गाठभेट. मुलगी दीड वर्षाची असताना तिच्या मानेच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी मऊ सूज दिसली आणि या साऱ्या अर्थच्छटा गळून पडल्या. उरला तो एकच अर्थ, आणि तो उच्चारण्याचे धैर्य दोघांतही नव्हते.

घरातील वडीलधाऱ्यांनी विचारले, "ग्रहणात काही चिरले होते का?" विचारण्यात दुष्टपणा नव्हता, पण त्या प्रश्नाने आमच्यातील आई कित्येक रात्री जागी राहिली.

सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी प्रथम शब्दच दुरुस्त केला. ही भरीव गाठ नव्हे, पोकळी आहे. कर्करोग तर नव्हेच. रक्तवाहिन्यांप्रमाणे शरीरात लसीकावाहिन्यांचेही जाळे असते. गर्भात त्याची घडण कुठे बिघडली की द्रवाने भरलेल्या पिशव्या तयार होतात. पुष्कळदा याचे मूळ गर्भातील एखाद्या पेशीच्या जनुकात आपोआप झालेल्या बदलात असते. तो आईबापांकडून येत नाही आणि सुरीने चिरलेल्या भाजीतूनही येत नाही.

शस्त्रक्रियेचा पर्याय होता. पण चेहऱ्याच्या नसा त्याच भागातून जातात, शिवाय पिशवीचा अंश राहिला तर ती पुन्हा भरते. म्हणून इंजेक्शनचा मार्ग ठरला. औषधाचे नाव ब्लिओमायसिन. 1960च्या दशकात जपानमध्ये हमाओ उमेझावा यांनी ते एका जिवाणूपासून मिळवले. ते कर्करोगावरही वापरतात, हे वाचून संमतिपत्रावर सही करताना हात थबकला. जास्त मात्रा फुप्फुसांना इजा करू शकते, म्हणून वजनानुसार हिशोब करून एकूण मात्रेवर मर्यादा ठेवतात, हे डॉक्टरांनी न लपवता सांगितले.

भूल देऊन, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, सुईने आतला पिवळसर द्रव काढला आणि त्या जागी औषध सोडले. ते पिशवीच्या आतल्या अस्तराला इजा करते. दाह होतो, भिंती एकमेकींना चिकटतात आणि पोकळी आक्रसत जाते. मोठ्या पिशव्यांवर याचा गुण चांगला येतो, बारीक पिशव्यांच्या जाळ्यावर कमी.

दुसऱ्या दिवशी ताप चढला, सूज पूर्वीपेक्षा वाढली. आधी सांगितलेले असूनही आम्ही हादरलो. आपण लेकरावर हे काय ओढवून घेतले, असे एकमेकांना न विचारता विचारत राहिलो. सहा आठवड्यांनी मान निम्मी उतरली. दुसऱ्या इंजेक्शननंतर बोटाला जाणवेल एवढाच उंचवटा राहिला. सर्दीतापात तो पुन्हा फुगू शकतो, हे ठाऊक आहे.

ग्रहणाचा प्रश्न घरात पुन्हा कोणी काढला नाही. आम्हीही उलट उत्तर दिले नाही. एका नेमक्या शब्दाने आमच्यातील आईला झोप मिळाली, आणि हयात रूपकांत घालवलेल्या आम्हा दोघांना तेवढे पुरेसे होते.