वर्गणीची पावती

परवा एका विद्यापीठाच्या पदवीदान समारंभास जाण्याचा योग आम्हांस आला. थोरामोठ्यांना सन्माननीय पदव्या अर्पण झाल्या, परदेशी विद्यापीठांशी झालेल्या करारांची यादी वाचली गेली, टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही टाळ्या वाजविल्या. घरी परतताना मात्र आमच्या मनात एक जुनी पावती घोळत होती.

ती आमच्या आजोबांच्या पेटीत सापडली होती. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठास दिलेल्या पाच रुपये वर्गणीची ती पावती.

या विद्यापीठाची जन्मकथा वाचकांच्या परिचयाची असेलच. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या हाती आली. १९१५ साली मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ती प्रत्यक्षात उतरविली. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, आणि आरंभी विद्यार्थिनी अवघ्या पाच! सरकारमान्यता नव्हती, आधार होता तो लोकांच्या वर्गणीचा. पुढे १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी मातोश्री नाथीबाईंच्या स्मरणार्थ पंधरा लाखांची देणगी दिली व विद्यापीठास त्यांचे नाव लाभले. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ साली, अण्णा परदेशच्या प्रवासास निघाले. युरोप, अमेरिका व जपान येथे त्यांनी आपल्या कार्याची माहिती दिली व मदत मागितली. मानाचा वर्षाव झाला तो फार उशिरा. १९४२ साली काशी हिंदू विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली, तर १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते 'भारतरत्न' झाले. सन्मान शेवटी आला. लोकांचे ऋणानुबंध आधी जडले होते.

त्या लोकांत आमचे आजोबाही होते, याचा आम्हांस अभिमान वाटे. आमच्या आत्याबाई वृद्धापकाळी आमच्याकडेच असत. एके दिवशी मोठ्या कौतुकाने ती पावती आम्ही त्यांच्या हाती दिली. भावाच्या पुस्तकांवरून त्या चोरून वाचावयास शिकल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी ती सावकाश वाचली, नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "पैसे पोहोचले म्हणायचे. मी मात्र नाही पोहोचले."

त्यांच्या स्वरात राग नव्हता. म्हणूनच आम्हांस उत्तर सुचले नाही. आजोबांनी दुसऱ्यांच्या मुलींसाठी वर्गणी दिली आणि स्वतःच्या मुलीस तेराव्या वर्षी बोहल्यावर उभे केले. सत्कार्याशी नाते जोडले, पण ते उंबऱ्याबाहेर.

आजोबांस दोष देणे सोपे आहे. आमच्याही कपाटात शिक्षणसंस्थांच्या पावत्या आहेत. आमच्या घरी दहा वर्षे स्वयंपाकास येणाऱ्या बाईंची मुलगी कोणत्या इयत्तेत आहे, हे मात्र आम्हांस ठाऊक नव्हते. 'उद्या विचारू' असे येथे लिहिणार होतो. पण लेखणी खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन विचारून आलो.

मुलगी बारावीत आहे. गणित आवडते म्हणे. पुढे शिकवायचे की नाही, याचा विचार घरात चालू आहे. रविवारी तिला घेऊन या, असे आम्ही बाईंस सांगितले आहे. या खेपेस पावती नको.